निघाली का गाडी?

सतराव्या पानावरची सातवी ओळ मधोमध खाली बसली होती. वाचनालयातल्या खिडकीजवळच्या नेहमीच्या खुर्चीत बसून ती एक नवी, सडपातळ कादंबरी वाचत होती. सकाळचे साडेदहा झाले होते, उजेड भरपूर होता, चष्मा नुकताच पुसलेला होता, आणि तरीही ही ओळ जुन्या खाटेसारखी झोळ पडून बसली होती. तिने पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं. झोळ हलायला तयार नव्हता. मग चौतीस वर्षं जे केलं तेच तिच्या हाताने आपण होऊन केलं. पर्समधली पेन्सिल काढली आणि समासात दोन आडव्या रेघा ओढल्या. छापखान्याच्या भाषेत त्याचा अर्थ, ओळ वाकडी आहे, सरळ करा. आठवीही तशीच निघाली, नववीही. हल्लीचे लोक नुसत्या पाट्या टाकतात, असं पुटपुटत तिने पान उलटलं, तर अठराव्यावर तोच प्रकार. अकरा खुणा झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की पुस्तक वाचनालयाचं आहे आणि आपल्याला निवृत्त होऊन चार वर्षं झाली आहेत. तरी चूक ती चूक. ती तरातरा ग्रंथपालबाईंच्या टेबलाशी गेली.

“हे बघा, पानोपान ओळी वाकड्या बसल्यात. परत पाठवा हे पुस्तक.”

ग्रंथपालबाई तिच्याहून वयाने निम्म्या, सदा सर्दी झालेल्या. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, रुमाल नाकाला लावून पाहिलं. “कुठे हो काकू?”

“ही काय. सातवी.”

“सरळ आहे की.” मग त्या जरा थांबल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “काकू, एक डोळा झाकून बघता का?”

तिने उजवा झाकला. सातवी ओळ उठून सरळ उभी राहिली, साहेब आल्यावर कारकून उठतो तशी. मग तिने डावा झाकला. ओळ खाली बसली, आणि बसली ती बसलीच, मधली दोन अक्षरं गिळून. वाचनालयात पंख्याचा आवाज होता, कुणीतरी वर्तमानपत्र घडी घालत होतं. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली, आणि आज स्वतःच्या डोळ्याची चूक तिने छापखान्याच्या नावावर घातली होती. तिला आधी लाज वाटली. भीती नंतर आली, जिना उतरताना.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि तिला आजी म्हणत होत्या, ते तिला मुळीच आवडलं नाही. पण मुलगी सरळ बोलत होती, एवढं बरं होतं. डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग बिघडला आहे, उजवा डोळा इंजेक्शनं देऊन आहे तिथे थांबवू, डावा आज ठणठणीत आहे. “आजचं सोडा,” तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, “पुढचं काय?” डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “खरं सांगू आजी? कुणालाच सांगता येत नाही. राहील वर्षानुवर्षं नीट. किंवा दीड-दोन वर्षांत त्याच वाटेने जाईल. वाचल्यानं डोळा झिजत नाही, तेव्हा वाचा भरपूर.” आणि त्यांनी तिला चौकटींचा एक कागद दिला, मध्ये काळा ठिपका असलेला. रोज सकाळी एकेका डोळ्याने तो बघायचा. डाव्याला एखादी रेघ वाकडी दिसली तर त्याच दिवशी यायचं. तिने घरी येऊन कागद फ्रीजवर लावला, जिथे दुधाचा हिशोब लावायची तिथे, आणि दिवसभर त्याच्याकडे पाठ करून वावरली.

वाचा भरपूर म्हणजे काय वाचा, हा प्रश्न तिला आयुष्यात कधी पडला नव्हता. कामच वाचायचं होतं, पण निवड तिची नसे. छापखान्याचे मालक प्रुफांचा गठ्ठा टेबलावर आपटायचे आणि ती वाचायची. बियाण्यांची माहितीपत्रकं, परीक्षांची मार्गदर्शकं, स्वतःच्या खर्चाने छापलेली आत्मचरित्रं, कवितासुद्धा. सगळं चुकांसाठी वाचलं. एखाद्या पुस्तकाची गोष्ट काय होती विचाराल तर तिला सांगता आली नसती, पण दोनशे बाराव्या पानावर एक वेलांटी उडाली होती हे ती झोपेतही सांगेल. आता दुसऱ्या शहरातून लेकीचा फोन आला. लेक हुशार, आणि काळजी वाटली की यादी करणारी. “आई, मी पंचवीस पुस्तकांची यादी केलीये. सगळी थोर आणि सगळी लहान. आता काहीतरी फालतू वाचत बसू नकोस हं. वेळ,” आणि इथे लेकीचा आवाज घसरला, “म्हणजे, निवडून वाच एवढंच म्हणते मी.” ती म्हणाली, “पाठव.” मग लेकीने भाजी काय केलीस विचारलं.

यादीचा तिने फडशा पाडायला घेतला. तीन आठवड्यांत सहा पुस्तकं. सकाळी उठून कागद बघायचा, चहा घ्यायचा आणि पुस्तक उघडायचं. पुस्तकं खरंच थोर होती, त्यांत नाव ठेवायला जागा नव्हती. पण दर दहा मिनिटांनी तिचा अंगठा पुढची पानं चाचपायचा, किती उरली म्हणून. दाराशी रिक्षा थांबवून जेवायला बसावं तसं ते वाचणं होतं. सहावं संपलं तेव्हा तिने स्वतःचीच परीक्षा घेतली, की पहिल्यात काय होतं. एक विधवा होती की शिक्षक होता? समुद्र तिसऱ्यात होता की चौथ्यात? काही हाताला लागेना. त्या सकाळी ती फ्रीजसमोर पाव तास उभी राहिली. उजवा डोळा झाकून डाव्याने एकेक रेघ वरून खाली, एकेक रेघ डावीकडून उजवीकडे तपासली, आणि खालच्या कोपऱ्यात तिला एक रेघ वाकडी दिसली. तिने बोटाने चाचपलं, तर कागदाचा कोपरा सुटून दुमडला होता. ती हसली नाही. तिला इतकं रडू आलं की चष्मा काढून ठेवावा लागला. जग दिसेनासं होईल याचं तिला एवढं वाटत नव्हतं. भांडी, भिंती, जिना, या गोष्टी हाताला सापडतात. पण वाचायला मिळालेला सगळा वेळ चुका शोधण्यात गेला, आणि आता उरला होता तो यादी संपवण्यात चालला होता.

सहा पुस्तकं परत करायला ती वाचनालयात गेली. त्या अकरा खुणा तिने पहिल्याच आठवड्यात रबराने खोडून दिल्या होत्या, ग्रंथपालबाईंनी तेव्हा मोठ्या मनाने दुसरीकडे पाहिलं होतं. सातवं पुस्तक शोधायला ती शेवटच्या कपाटाशी वाकली आणि तळाच्या फळीवर तिला ते नऊ खंड दिसले. जाडजूड, विटकरी, एकाला एक खेटून. ती वाकलेलीच राहिली. पहिले तीन खंड तिच्या हाताखालून गेले होते. बावीस वर्षं झाली.

गोष्ट लक्षात राहिलेलं हे एकच पुस्तक. एका राज्यात हिवाळा संपत नाही. डोंगरांच्या पलीकडे एक बुरूज आहे, त्यावर घंटा वाजली तर बर्फ वितळेल. घंटा ओतणारी एक म्हातारी, एक गाडीवान, एक सतत फुगून बसणारा राजपुत्र आणि अठरा बैल ती घंटा गाडीवर घालून निघतात. घंटा भयंकर जड, त्यामुळे गाडी हळू चालते, आणि गाडी हळू चालते म्हणून पुस्तकही. लिहिणाऱ्याला कसली घाईच नव्हती. बैलांना पाणी पाजायला चार पानं, चाकांना वंगण घालायला सहा. तिसऱ्या खंडात तर कहर झाला. गाडी दलदलीत रुतली आणि एकशेचाळीस पानं रुतूनच राहिली. त्या छापखान्यात मालकांच्या हट्टापायी जुनी पद्धत चालू होती. प्रुफं दोघांनी तपासायची. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट ठेवून ते ताडून बघायचं. बोट तिचं असे. वाचणारा एक उंच, किडकिडीत गृहस्थ होता, आणि आवाजात चढउतार म्हणून नसे. “गाडीवान खाली उतरला स्वल्पविराम चिखलात हात घातला स्वल्पविराम आणि म्हणाला अवतरण सुरू अजून नाही अवतरण बंद पूर्णविराम.” सगळे त्याला पूर्णविरामच म्हणत. रोज दहाला मशीनवाला दारातून डोकं घालून विचारायचा, “काय बाई, निघाली का गाडी?” आणि ती दोघं एकदम म्हणायची, “अजून चिखलातच!” हळूहळू सगळा छापखाना विचारू लागला. चहावाला, शाई पोचवणारा, एकदा तर खुद्द मालक.

त्याच महिन्यांत तिचा नवरा रुग्णालयात होता, हे छापखान्यात दोघा-तिघांनाच ठाऊक होतं. सकाळी सहा ते नऊ ती त्याच्या उशाशी, मग लेकीला शाळेत सोडून दहाला टेबलाशी, आणि पाचला परत रुग्णालयात. तिथे रोज काहीतरी व्हायचं. आकडे वर जायचे, खाली यायचे, डॉक्टर बदलायचे, औषधं बदलायची. आणि दहा ते पाच काहीही होत नव्हतं. गाडी चिखलात. म्हातारी घंटेवरचं हिम फडक्याने पुसते आहे, बैल वाफा सोडत उभे आहेत, राजपुत्र फुगलेला आहे. बाकीचे वैतागायचे, घोडं कुठं पेंड खातंय म्हणून हसायचे, ती पण हसायची. पण मनातून तिला वाटायचं की निघू नये. गाडी रुतलेली आहे तोवर तोही आहे. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. एका गुरुवारी पूर्णविरामच्या सपाट आवाजात गाडी निघाली. आधी एक चाक, मग दुसरं. मशीनवाल्याने टाळ्या वाजवल्या. रविवारी नवरा गेला. तेरा दिवसांनी ती कामावर आली तेव्हा चौथ्या खंडाचं हस्तलिखित टेबलावर येऊन पडलं होतं. ती मालकांना म्हणाली, हे मला देऊ नका. का ते त्यांनी विचारलं नाही. घंटा वाजली की नाही हे तिला आजतागायत माहीत नव्हतं, कारण ती त्या गाडीवर रागावलेली होती. बाईमाणसाने बैलगाडीवर बावीस वर्षं राग धरावा, तोही पुस्तकातल्या, हे आता कपाटाशी वाकल्या वाकल्या तिला पहिल्यांदाच जरा विचित्र वाटलं.

तिने चौथा खंड ओढून काढला आणि मध्येच उघडला. डावीकडचं पान. म्हातारी कुणाला तरी सांगत होती की ओतताना घंटेत एक बुडबुडा राहिला आहे, तो कुठे आहे ते फक्त तिला ठाऊक आहे, आणि ती तिथे रोज हात ठेवते. एवढंच. एक परिच्छेदभर ती हातच ठेवून होती. वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की आपला अंगठा पुढच्या पानांवर नाही, याच पानाच्या कडेवर आहे. आणि हेही, की ओळी झोळ खात आहेत, अक्षरं मधूनच गडप होत आहेत, आणि आपण एक डोळा झाकायचंही विसरलो आहोत.

“ते नका नेऊ काकू,” ग्रंथपालबाई नाक पुसत म्हणाल्या. “भयंकर संथ आहे. तिसऱ्यापर्यंत लोक येतात कसेबसे. चौथा नेतात आणि आठवड्यात आणून टाकतात. आम्ही मागणी येईल म्हणून दोन-दोन प्रती घेऊन बसलो. दुसऱ्या प्रतीची तर पानंसुद्धा चिकटलेलीच आहेत.”

“दोन प्रती?”

“हो ना.”

ती तशीच उभी राहिली. डोक्यात काहीतरी जुळत होतं आणि ते पुरतं जुळेपर्यंत तिला हलायचं नव्हतं. “दोन्ही द्या,” ती म्हणाली.

“एकच पुस्तक दोनदा?” ग्रंथपालबाईंनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग काळजीने तिच्याकडे.

“डोळे दोन आहेत ना,” ती म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी तिला स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं.

पूर्णविरामचा फोन नंबर जुन्या वहीत होता. चार वर्षांत तिने तो एकदाच फिरवला होता, त्याची बायको गेली तेव्हा. “हॅलो,” पलीकडून आवाज आला, आणि त्या एका शब्दालाही चढउतार नव्हता. तिने सगळं सांगितलं. डोळा, कागद, यादी, दोन प्रती. तिचं संपल्यावर तो म्हणाला, “म्हणजे मी वाचायचं आणि तुम्ही बोट ठेवायचं.”

“हो. डावा डोळा आहे तोवर मला माझ्या डोळ्यांनी वाचायचंय. उजव्याला अक्षर सापडलं नाही तर तुमचा आवाज आहे. तुम्हाला जमत असेल तर. गुडघे कसे आहेत?”

“गुडघे वाचत नाहीत, बाई. कधी येऊ?”

मंगळवारी दुपारी तीनला तो आला. जिन्यात दोनदा थांबला, ते तिने दारातून ऐकलं. उंची थोडी कमी झाली होती, पण पिशवीतून चष्म्याची डबी, रुमाल आणि फूटपट्टी त्याच क्रमाने निघाली. तिने जेवणाचं टेबल खिडकीला लावून ठेवलं होतं आणि खुर्च्या समोरासमोर न मांडता छापखान्यातल्यासारख्या काटकोनात मांडल्या होत्या. त्याने ते पाहिलं आणि न सांगता डावीकडची खुर्ची घेतली. चहा झाला. मग तिने मनातली गोष्ट विचारली, “चौथा तुम्ही वाचलाच असेल ना? दुसऱ्या टेबलाला?”

“नाही,” तो म्हणाला. “मालकांना सांगितलं, बाई नसतील तर मीही नाही. ते चिडले. वर्षभर मला गणिताच्या पुस्तकांना बसवलं. अधिक, वजा, कंस सुरू, कंस बंद. वर्षभर.” त्याने चष्मा चढवला. “पण मग मलाही कळलं नाही घंटेचं काय झालं ते. आणि बाहेरून आणून वाचणं काही बरं दिसलं नसतं.”

बावीस वर्षं हा माणूस तिच्या शेजारी बसला होता, त्यातली अठरा या प्रकारानंतर, आणि गणिताबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. तिला वाटलं, आपण याच्या आवाजातला प्रत्येक स्वल्पविराम ऐकला आणि बाकी काहीच ऐकलं नाही. म्हणजे तीही एक चूकच, आणि ती नजरेतून सुटली. ती म्हणाली, “तेव्हा गाडी निघू नये असंच मला वाटायचं.” तो फूटपट्टी ओळीखाली नीट बसवत होता. “ठाऊक आहे,” तो म्हणाला. “चिखलातली शेवटची वीस पानं मी मुद्दाम सावकाश वाचली होती. मालकांची बोलणी खाल्ली.”

खिडकीबाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. ती उठून उगाच एक पेला धुऊन आली. परत येऊन तिने आपली प्रत उघडली, चिकटलेली पानं सोडवली आणि पहिल्या ओळीच्या आरंभी बोट ठेवलं. “सहा खंड,” तो म्हणाला, “सातशेच्या आसपास पानं प्रत्येकी. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला दहा पानं. पावणेतीन वर्षं लागतील, बाई.” डॉक्टरीणबाईंचे दीड-दोन तिच्या मनात येऊन गेले. लेकीची उरलेली एकोणीस पुस्तकंही आली. त्या यादीचं काय करायचं ते तिने त्याच क्षणी ठरवलं. लेकीला सांगायचं, सुट्टीत आलीस की तू मला वाचून दाखव, एकेक. “लागू देत,” ती म्हणाली. “दहा नको. आठच घेऊ.”

तो वाचू लागला. सपाट, स्वच्छ, चिन्हांसकट. पहिल्या पानावर तिला जुन्या सवयीने एक उडालेला अनुस्वार सापडला आणि तिने पेन्सिल उचललीही, मग ठेवून दिली. दुसऱ्या पानावर ओळ बसली, दोन अक्षरं गडप झाली, आणि तेवढ्यात त्याच्या आवाजाने ती आणून तिच्या बोटाखाली ठेवली. डोळा झाकायची गरज पडली नाही. गाडी डोंगराच्या उतारावर होती. बैलांचे खूर घसरत होते. गाडीवान चाकांखाली दगड लावत होता, काढत होता, लावत होता, आणि लिहिणारा त्यातला एकही दगड वगळत नव्हता. तिला प्रत्येक दगड दिसत होता. तिला वाटलं, हे असंच हवं होतं, एवढाच वेग आपल्याला पेलतो. पाचव्या पानावर म्हातारीने घंटेवर हात ठेवला आणि गाडीला मागून रोखून धरणारा दोर करकरला, आणि काहीतरी वेगळं झालं ते तिला आधी नेमकं कळेना. मग कळलं. त्याने पूर्णविराम म्हटला नव्हता. पुढच्या वाक्यालाही नाही. त्याच्या पुढच्या वाक्यात आवाज चक्क जरासा वर गेला, आणि मग आवाजच थांबला.

तिचं बोट ‘दोर’ या शब्दापाशी वाट बघत राहिलं. अर्धं मिनिट, एक मिनिट. तिने मान वर केली. तो फूटपट्टी सोडून पुस्तकावर ओणवा झाला होता. त्याचे डोळे ओळींवरून भराभरा पळत होते, ओठ नुसते हलत होते.

“काय हो,” ती म्हणाली, “निघाली का गाडी?”

“थांबा जरा, बाई!” तो मान वर न करता म्हणाला. “दोर तुटतोय!”

“एकट्याने पुढे जायचं नाही.”

तो दचकला. कानांपर्यंत लाल झाला. बावीस वर्षांत तो कधी ओळ सोडून पळाला नव्हता. “चुकलो,” तो म्हणाला, आणि ओळ चुकल्यावर छापखान्यात सगळे म्हणत तेच म्हणाला, “मागून घेतो.”

त्याने फूटपट्टी तीन ओळी वर सरकवली. तिनेही बोट वर नेलं. उतारावरची गाडी, अठरा बैल, घंटा आणि फुगलेला राजपुत्र सगळे तीन ओळी मागे आले, दोर अजून शाबूत होता, आणि म्हातारीने पुन्हा एकदा घंटेवर हात ठेवला.